कहकशाचा डबा, करीमचाचांचा माग

दूध पावडरीच्या रिकाम्या डब्याला सुईच्या टोकाएवढं भोक पाडायचं, डबा फळीवर मांडायचा आणि दोन-दोन तास त्याच्यापुढं गुमान बसून राहायचं, अशा बाईला तुम्ही काय म्हणाल? लाजू नका, बोला. येडी म्हणाल. नवाबपुऱ्यातल्या अख्ख्या गल्लीनं तेच म्हटलं. कुणी म्हणालं करणी करती. कुणी म्हणालं, वेळेवर लग्न नाय झालं की बाई अशीच होती. फुकटच्या तोंडांना उत्तर देत बसलं तर जन्म पुरायचा नाही. कहकशानं दिलंच नाही. तिनं डब्याला आतून काळा रंग मारला आणि फोटो काढले.

होय, फोटो. बटण नाही, भिंग नाही, बॅटरी नाही. डब्याच्या आत एक फिल्म, समोर भोक, भोकावर काळी चिकटपट्टी. पट्टी काढली की उजेड आत शिरतो, लावली की थांबतो. झाला कॅमेरा. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी आपल्या हातातला महागडा फोन खाली ठेवावा आणि पुढचं ऐकावं.

कहकशा चाळिशी ओलांडलेली. बाप करीमचाचा, हिमरू म्हणजे सूत-रेशमाचं नक्षीदार कापड विणणारे कारागीर. आई गेली तेव्हा ती दहावीत होती. दहावी झाली आणि जालना रोडवरच्या एका एक्स-रे सेंटरात झाडू-पोछ्याला लागली. तिथं फकिरा नावाचे म्हातारे टेक्निशियन होते. ते अंधाऱ्या खोलीत फिल्मा धुवायचे. पोरगी चुणचुणीत दिसली, त्यांनी तिला शिकवलं. लाल बल्बच्या उजेडात फिल्म कशी धरायची, डेव्हलपरमध्ये किती वेळ, मग पाणी, मग चित्र पक्कं करणारा हायपो. वर्षभरात फकिरा बाहेर तंबाखू मळत बसायचे आणि आत कहकशा हाडं उजेडात आणायची.

त्या खोलीवर तिचा जीव जडला. का, ते बायकांना लगेच कळेल. घरी दोन खोल्यांत बाप, भाऊ, भावजय, पोरं आणि माग. बाथरूमचं दारसुद्धा कुणी ना कुणी ठोठावणार. आणि इथं? दारावर लाल दिवा लागला की खुद्द डॉक्टरसाहेबांनाही आत यायची परवानगी नाही. साऱ्या दुनियेत तिच्या मालकीचं ते एकच दार होतं.

एका सकाळी ती आत गेली, दार लावलं, अजून लाल बल्बही लावला नव्हता. बघते तर समोरच्या भिंतीवर जालना रोड उलटा चाललेला. रिक्षा चाकं वर करून पळतायत, एक बाई डोकं खाली घालून हंडा घेऊन चाललीय, आकाश जमिनीवर. ती किंचाळलीच. फकिरा धावत आले. म्हणाले, "अगं, रस्त्याकडच्या खिडकीच्या फळीला खिळ्याचं भोक पडलंय. उजेड येतोय. बुजव लवकर, नायतर फिल्मा खराब होतील."

"फकिराचाचा, पण हे उलटं..."

"भोकातून उजेड आला की असंच दिसतं. बुजव."

तिनं बुजवलं. पण बुजवायच्या आधी पोटभर बघून घेतलं.

पुढं सगळं कॉम्प्युटरवर आलं. फिल्म गेली, हायपो गेला, अंधारी खोली गेली. तिथं आता पाण्याचा फिल्टर आणि खुर्च्या आहेत. कहकशाला टोकन वाटायला बाहेर बसवलं. तारीख संपलेल्या फिल्मांचे खोके भंगारात जाणार होते. तिनं डॉक्टरांना विचारलं, "हे मी नेऊ का?" डॉक्टर म्हणाले, "काय करणार?" ती म्हणाली, "बघते." आणि खोके रिक्षात घालून घरी घेऊन आली.

मग मोबाईलवर व्हिडिओ बघून, चार वेळा चुकून, पाचव्यांदा जमवून ती शिकली. थंड पेयाच्या कॅनचा पातळ पत्रा घ्यायचा, बारीक सुईनं हलकं टोचायचं, मागचा उचललेला काठ पॉलिश पेपरनं घासायचा आणि तो तुकडा डब्याला कापलेल्या खिडकीवर चिकटवायचा. भोक जेवढं साफ, तेवढा फोटो साफ. पत्र्याच्या मोरीला काळी चादर लावून तिनं पुन्हा आपली अंधारी खोली केली. फिल्मवर निघालेला उलट्या रंगाचा फोटो कागदावर सुलटा करायला तिनं फार जुनी रीत धरली. चांगला जाड कागद मिठाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, अंधारात त्यावर सिल्व्हर नायट्रेटचं पाणी ब्रशनं फिरवायचं. वर फिल्म, वर काच, आणि ठेवायचं उन्हात. ऊनच फोटो छापतं. पावणेदोनशे वर्षांहून जास्त झाली, इंग्लंडात टॅलबट म्हणून एक गृहस्थ होता, त्यानं ही रीत काढली. त्यानं छोट्या छोट्या लाकडी पेट्या करून घराभोवती मांडल्या होत्या. त्याची बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. म्हणजे बघा, घरच्यांनी टिंगल करायची हा रिवाजही तेवढाच जुना.

कहकशाच्या बोटांना त्या औषधानं काळे डाग पडायचे. सेंटरातली आया सत्यशीला, पिशोरकडची, मेंढरं वळणाऱ्या घरातली, ती तर रोजच टोचायची. "काय गं, रातच्याला कोळसा खाती का?"

"फोटो छापला काल."

"तुझ्या त्या डब्यानं? मला बी काढ की. पण मी हालणार. मला गुमान बसायची सवय नाय बाई."

"हाललीस तर दिसणार नाहीस."

"मग नको. तसं बी कोणाला दिसती मी!" असं म्हणून ती खो-खो हसायची. पण डब्याची गोष्ट तिनंच पहिल्यांदा खरी मानली. म्हणाली, "गिराण लागलं व्हतं तव्हा आमच्या लिंबाच्या झाडाखाली भुईवर सगळ्या चंद्रकोरीच चंद्रकोरी. पानाच्या फटीतून सूर्य उतरला व्हता. आम्ही पोरं त्या वेचायला गेलो." कहकशानं तिला सांगितलं की हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम नावाच्या एका अरबी विद्वानानं ग्रहणातला सूर्य असाच भोकातून पाहिला आणि त्यावर लिहून ठेवलं. सत्यशीला म्हणाली, "बघ. त्यानं लिहिलं, आम्ही वेचलं."

आता करीमचाचांकडं येऊ, कारण खरी गोष्ट त्यांचीच.

करीमचाचांच्या दारावर पाटी होती: फोटो मना है. हिमरू बघायला लोक यायचे. पाहुणे, कॉलेजची पोरं, गळ्यात कॅमेरे अडकवलेले शौकीन. कोणी बसत नव्हतं. मोबाईल काढायचे, खचाखच फोटो, "चाचा, इधर देखो, जरा हसो," आणि चालते व्हायचे. चाचांनी तेही सोसलं. पण एकदा एका शोरूमच्या रंगीत पत्रकावर त्यांचंच तोंड छापून आलं. खाली लिहिलेलं, 'आमचे कारागीर.' त्या शोरूमची पायरीही चाचांनी कधी चढली नव्हती, आणि आतला माल मशीनवरचा. चाचा जाऊन भांडले नाहीत. घरी आले, पुठ्ठा घेतला, पाटी लिहिली. त्या दिवसापासून घरच्यांनाही बंदी. नातवंडांनी मोबाईल रोखला तरी ते गमछा तोंडावर घ्यायचे.

यंदा जुनेदनं, म्हणजे कहकशाच्या भावानं, ठरवलं की बकरी ईद झाली की घर पाडून स्लॅब टाकायचा. जुनेदला शिव्या घालू नका. पत्र्याखाली त्याची पोरं उन्हाळाभर भाजून निघतात. पण घर पडणार म्हणजे माग उठणार. हा माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसतो. खड्डा काही उचलून दुसरीकडं नेता येत नाही. चाचा एवढंच म्हणाले, "चढवलेली शाल उतरू दे. मग बुजवा."

म्हणजे ही शाल शेवटची. आणि आयुष्यभर मागावर बसलेल्या माणसाचा मागावरचा एकही फोटो घरात नाही. आहे तो चोरांच्या पत्रकावर. कहकशाला हे गिळवेना. शाल उतरायच्या आत अब्बांचा एक फोटो, त्यांच्या मर्जीनं. नाहीतर कधीच नाही.

तिनं विचारलं. चाचा विणता विणताच म्हणाले, "बाहेरची पाटी वाचली नाय का? घरच्यांना वेगळा कायदा आहे?"

"मोबाईलनं नाही अब्बा. डब्यानं."

"डब्यात काय आहे?"

"काही नाही. सुराख आहे."

चाचांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ लटकत होती. त्या पत्त्यांना भोकं असतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, आणि खाली कापडावर फूल उमटतं.

"हे बघ," चाचा म्हणाले, "वर सुराख आहे म्हणून खाली फूल आहे. अन् तू म्हणतीस तुझ्या धंद्यात पण सुराखच?"

"हौ अब्बा."

"किती वेळ लागतो?"

"दोन तास. जास्तही लागेल, इथं अंधार आहे."

"तेवढ्या वेळात तू कुठं जाणार?"

"कुठंच नाही. इथंच बसणार."

चाचा हसले. "मग ठेव. आजवर एक फोटोवाला इथं बूड टेकून बसला नाय."

तिनं डबा फळीवर ठेवला, पट्टी काढली आणि बसली. चाचा विणत राहिले. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. मध्येच नमाजला उठले, मध्येच पाणी प्यायला. जुनेद डोकावून गेला. "आपा, डबा कधी उकळणार?" संध्याकाळी तिनं मोरीत फिल्म धुतली, दुसऱ्या दिवशी उन्हात कागदावर छापली.

माग आला होता लखलखीत. लाकडं, दोऱ्या, वरच्या पत्त्यांची माळ, भिंतीवरची खुंटीसुद्धा. आणि बसायच्या जागी धुक्याचा एक गोळा. त्याला ना तोंड, ना हात.

दाखवू नये असं तिला वाटलं. पण चाचांनी मागून घेतला. दाराशी नेऊन बघितला. मग म्हणाले, "मी नाहीच की. बुजवायच्या आधीच गेलो."

 सांगायचं म्हणून तिनं पॅरिसचा किस्सा सांगितला. फोटोची कला नुकतीच निघाली होती तेव्हा दागेर नावाच्या माणसानं खिडकीतून रस्त्याचा फोटो काढला. रस्ता गजबजलेला, गाड्या-घोडे-माणसं. पण वेळ इतका लागायचा की चालणारं सगळं पुसलं गेलं. एकच माणूस धड उमटला. बूट पॉलिश करून घ्यायला पाय पुढं करून उभा होता तो. फोटोत माणूस दिसला तो बहुतेक पहिल्यांदाच.

"अन् पॉलिश करणारा?" चाचांनी विचारलं.

"तो पुसट आहे. त्याचे हात चालत होते ना."

"हां." चाचांनी फोटो परत केला. "हात चालवणारा पुसट, पाय पुढं करणारा साफ. हे तेव्हापासून चालू आहे म्हण."

तिनं धीर करून विचारलं, "अब्बा, थोडा वेळ न हालता बसाल मागावर?"

चाचा भडकलेच. "मागावर? रिकाम्या हातानं? उस्तादनं पहिल्या दिवशी कान धरून सांगितलं, मागावर बसलास तर विण, नायतर ऊठ. मागाशी मस्करी नक्को." विणकरांचा कायदा तो. खड्ड्यात पाय सोडून कोणी नुसतं बसत नाही, पोरांनाही बसू देत नाहीत. वयाच्या शेवटाला, डब्यासाठी, चाचा तो मोडणार नव्हते.

आणि मग कहकशानं ती चूक केली. तिचा हिशोब सरळ होता. वेळ जास्त लागतो कारण अंधार आहे. अंधार आहे कारण खिडकीवर ओलं गोणपाट आहे. गोणपाट काढलं, उजेड वाढला, तर थोड्या मिनिटांत काम होईल. चाचा दुपारी पडले होते. तिनं गोणपाट सोडलं, खिडकी सताड उघडली, डबा मांडला आणि त्यांच्या उठण्याची वाट बघत बसली. विणकराची पोर! गोणपाट ओलं का ठेवतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. रोज पाणी मारायचं काम तिचंच असायचं. पण हौस डोक्यात शिरली की माहीत असलेलंही माणूस विसरतं.

आपल्याकडचं एप्रिलातलं ऊन. सुती ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, कोरडा पडला की काचेसारखा होतो. चाचा उठले, मागावर बसले, पहिलाच ठोका दिला आणि खिडकीकडच्या पट्ट्यातले धागे तटातट गेले.

चाचांनी आधी धाग्यांकडं बघितलं. मग खिडकीकडं. मग डब्याकडं.

"उजेड पाह्यजे होता तुला?"

तिनं सोडलेलं गोणपाट उचललं.

"शेवटची शाल आहे, कहकशा. दुसरी चढणार नाय. ही बिघडली तर मी बिघडलेली शाल उतरवून मरणार."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. कहकशानं गोणपाट भिजवून पुन्हा लावलं. खड्ड्याभोवती पाणी शिंपडलं, बादली आणून खोलीत ठेवली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात रिकामा ठेवला नाही. मग भिंतीला टेकून बसली. चाचांनी चष्मा चढवला आणि तुटलेला पहिला धागा उचलला.

म्हाताऱ्या बोटांचं काम. एक टोक शोधायचं, दुसरं टोक शोधायचं, मध्ये नवा तुकडा धरायचा, चिमटीत पीळ द्यायचा. डोळे साथ देत नाहीत म्हणून चाचा नाक धाग्याला लागेल इतके वाकले. श्वाससुद्धा रोखलेला. पाठ, मान, कोपरं, बोटं, सगळं जागच्या जागी. धागा जोडला की एक सुस्कारा, मग त्याच्याच शेजारचा पुढचा धागा. पुन्हा तेच वाकणं, पुन्हा तीच जागा.

कहकशा बघत होती. आणि बघता बघता तिला कळलं की अब्बा हालत नाहीयेत. मागावर आहेत, हातात काम आहे, आणि हालत नाहीयेत.

डबा फळीवर तसाच होता, फिल्म भरलेला, पट्टी लावलेली. हात लांब केला की झालं असतं. चाचांना कळलंही नसतं. पण आपणच तोडलेल्या धाग्यांवर आपणच चोरून फोटो काढायचा? मग तिच्यात आणि त्या पत्रकवाल्यात फरक काय राहिला? तिनं हात मांडीवरच ठेवला. एक धागा जोडला गेला, दुसरा गेला. उजेड उतरायला लागला. शेवटी तिला राहवेना.

"अब्बा."

"हं."

"आत्ता काढू का?"

चाचांनी मान वर केली. "काय? हे? तुटलेलं जोडताना? दुनिया म्हणंल कारागीर कच्चा."

"नाही काढत मग."

चाचा पुन्हा वाकले. धागा अर्धा जोडून झाल्यावर वाकलेल्या अवस्थेतच बोलले, "कच्चा कोण, माहीत आहे का? ज्याची गाठ दिसती तो. तुझ्या डब्यात गाठ दिसंल?"

"नाही दिसणार. डब्याची नजर तेवढी बारीक नाही."

"पक्कं?"

"पक्कं, अब्बा. तुम्ही दिसाल. गाठ नाही."

"मग काढ. पण मी सरळ झालो की झाक. आळस देताना नाय पाह्यजे माझा फोटो."

आणि मग त्या बापलेकीनं जे केलं ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं. चाचा वाकले की "हां" म्हणायचे, कहकशा पट्टी काढायची. सुस्कारा सोडायच्या आधी "बस" म्हणायचे, ती पट्टी लावायची. थोडा थोडा उजेड, एकाच फिल्मवर, गाठीगाठीनं साठत गेला. मध्येच जुनेद आला, तोंड उघडलं, आणि चाचांनी न हालता नुसती भुवई उचलून त्याला बाहेर घालवलं. काही धागे त्या दिवशी झाले, उरलेले दुसऱ्या दिवशी, त्याच जागी, तसंच वाकून. डबा तिनं रात्रभर तिथून हलवला नाही. मांजर शिवू नये म्हणून स्वतः फळीखाली झोपली.

फोटो उन्हात छापला तेव्हा चाचा शेजारी उभे होते. कागद पांढऱ्याचा तांबूस झाला, तांबूसचा गडद तपकिरी. आधी दाढी उमटली. मग वाकलेली पाठ. मग दोन हात, चिमटी धरलेली. चेहरा जरा मऊ होता, पण नाक करीमचाचांचं, ओळख पटवायची गरज नाही. हायपोतून निघून कागद वाळला तसं चाचांनी भिंग आणलं. चेहऱ्याकडं बघितलंही नाही. खिडकीकडचा पट्टा इंच इंच शोधला.

"नाय दिसत," ते म्हणाले.

"सांगितलं होतं."

"चांगला डबा आहे." मग भिंग बाजूला ठेवून स्वतःकडं बघितलं. "म्हातारा झालो की मी. सांगितलं नाय कोणी."

शाल उतरली. उलटीसुलटी करून बघा, जोड सापडणार नाही. मग चाचांनी पत्त्यांची माळ स्वतः सोडली, गुंडाळली. खड्डा बुजवायला माणसं आली तेव्हा ते मशिदीत जाऊन बसले. बापाचं दुःख जुनेदला दिसलं नाही असं नाही. त्या दिवशी त्यानंही फावडं धरलं नाही.

आता स्लॅब झालाय. तपकिरी फोटो वरच्या खोलीत, उजेड न लागणाऱ्या भिंतीवर आहे, कारण मिठाच्या कागदावरचा फोटो उन्हानं येतो आणि उन्हानंच जातो. त्यावर हिमरूचा एक तुकडा पडद्यासारखा सोडलाय. जुनेद म्हणाला होता, "मोबाईलवर घेऊन ग्रुपवर टाकतो." चाचा म्हणाले, "नक्को. ज्याला बघायचं तो येईल." सत्यशीला सुट्टी टाकून आली. फोटोपुढं उभी राहिली, आणि पहिल्यांदाच चांगली घटकाभर न बोलता राहिली. मग म्हणाली, "आता मला बी काढ. बसते मी गुमान." चाचांनी तिला आपल्या शेजारची खुर्ची दिली.

हे वाचून तुम्हीही लगेच म्हणाल, फोटो पाठवा ना. नाही पाठवणार. कहकशा पाठवणार नाही आणि कोणी मागितला तर तिच्या वतीनं भांडायला माणसं आहेत. बघायचा असेल तर नवाबपुऱ्यात या. जिना चढा, सलाम करा, पडदा उचलायच्या आधी चाचांना विचारा. त्यांचे हात आता रिकामे असतात आणि त्यांना ते कुठं ठेवावेत ते कळत नाही. तेव्हा येताना घरातलं उसवलेलं, फाटलेलं काहीतरी कापड घेऊन या, त्यांच्यापुढं ठेवा, आणि ते नीट होईस्तोवर शेजारी बसा.